कोपरे नसलेलं घर

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सकाळचे साडेनऊ. रिठदजवळच्या आमच्या गावातलं माहेरचं घर, मधली खोली.

हजर: आई, खाटेवर. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तिच्या उशाशी. वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात. सर, त्यांच्यासाठी मुद्दाम आणलेल्या गोल स्टुलावर. शेजारचे पेटीवाले चाचा, ओसरीत. आणि मी, वाशीमहून पहिल्या बसनं आलेली.

माझी सगळी नोकरी एका पतसंस्थेत सभेची इतिवृत्तं लिहिण्यात गेली आहे. त्यामुळे काही गंभीर असलं की मी आधी दिवस आणि हजर माणसं लिहून घेते. नंतर कोणी ‘मी नव्हतोच तिथं’ म्हणू शकत नाही. त्या दिवशीही लिहिलं. खाली विषय एकच होता: आईला दवाखान्यात नेणे.

आईला बरीच वर्षं साखर आहे. दिवाळीनंतर तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला खिळा लागला. मला ते तब्बल महिनाभरानं कळलं, तेही वहिनीचा चोरून फोन आला म्हणून. ती एवढंच म्हणाली, “ताई, तुमी या. मले आता वास सहन नाई होऊन राह्यला.”

वास मला ओसरीतच आला. मेलेल्या उंदरावर कोणी उदबत्ती लावावी तसा. मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि पदर नाकाला गेला, तो मी मुद्दाम खाली आणला, कारण आई माझ्याकडंच बघत होती.

खाटेभोवती जमिनीवर एक मोठा लाल गोल काढलेला होता. गोलाच्या आत जे होतं ते असं: पायाच्या सोडलेल्या पट्ट्यांचा ढीग, पिवळ्या-हिरव्या डागांचा. वाळलेला लिंबाचा पाला. अर्धं खाल्लेलं केळं, काळं पडलेलं. दोन वाट्या, एकीत दुधाची साय बुरशी धरून बसलेली. माश्या तर इतक्या होत्या की आईनं त्यांना हाकलणं सोडून दिलं होतं.

“हे उचललं काहून नाई?” मी विचारलं.

“गोलातलं बाहेर नेता येत नाई,” दादा म्हणाला. “गोल भरला की मंग.”

“कवा भरते तो?”

दादानं सरांकडं पाहिलं. सर डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, “घाई करू नका. पूर्णत्वाला तारीख नसते.”

हे सर कोणत्याही शाळेत शिकवत नव्हते. पण त्यांना बाबा किंवा महाराज म्हटलेलं खपत नसे. बाबा लोक अडाण्यांना फसवतात, मी आकारांचं शास्त्र सांगतो, असं ते म्हणत. बाहेरगावाहून दोनेक वर्षांपूर्वी आले. दर रविवारी एकेका घरी बैठक. जवळ एक लॅमिनेट केलेला तक्ता, त्यावर रंगीत आकृत्या. त्रिकोण म्हणजे भूक, कारण त्याची टोकं तिन्हीकडून टोचतात. चौकोन म्हणजे हट्ट. षटकोन म्हणजे नातेवाईक, एकमेकांना चिकटून एकमेकांची जागा खाणारे. आणि गोल म्हणजे सुटका. जगातला सगळा रोग, सगळं भांडण कोपऱ्यात साचतं. ज्याला कोपरा नाही त्याला दुखणं नाही. हा सगळा धर्म. तो सांगायला मला चार ओळी लागल्या, सरांना तो दोन वर्षं पुरला.

मी पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा हसले होते. दादा हसला नाही. त्याचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि फोन करेनासा झाला, त्यानंतरचे ते दिवस होते. घरात बोलायला कोणी नाही. आई ऐकते कमी, वहिनी बोलते कमी. सर रविवारी यायचे आणि दादाला विचारायचे, “या आठवड्यात काय टोचलं?” एवढं विचारणारं त्याला दुसरं कोणी नव्हतं. मीही नव्हते. मी फोन केला की सोयाबीनचा भाव आणि आईच्या गोळ्या विचारून ठेवून द्यायची.

मग घर बदलायला लागलं. आधी उशा गेल्या, त्यांच्या जागी कापसाची गोल गाठोडी आली. संक्रांतीला तिळाच्या वड्या बंद, फक्त लाडू. भिंतीवरच्या कॅलेंडरचे चारी कोपरे कात्रीनं गोल केले. मग दादानं मिस्त्री बोलावून घरभर भिंतींच्या कोपऱ्यांत सिमेंट भरून घेतलं आणि ते घमेल्याच्या बुडासारखं घोटवलं. कपाट भिंतीला लागेना. खाट भिंतीला लागेना. मागं वीतभर फट राहिली, त्यात आईची काठी पडायची आणि मग कोणीतरी वाकून काढायची. मधल्या खोलीच्या एका कोपऱ्यावर, देवघराच्या वर, सरांनी दिलेली पितळी चकती लावली. दादा रोज तिला हात लावून मग चहा प्यायचा.

हे सगळं मी पाहत होते आणि सोडून देत होते. सिमेंटनं कोणी मरत नाही, असा माझा हिशेब होता.

गोलाबद्दल मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमचं घर गोलांनीच भरलेलं होतं. जातं गोल, कारण ते फिरवायचं असतं. भाकर गोल, कारण तळहातावर थापताना ती दुसरी कशी होणार? खळं गोल, कारण मधल्या खांबाला बांधलेला बैल तसाच चालणार. लहानपणी होळीला आम्ही शेणाच्या चाकोल्या करायचो, मधे भोक पाडलेल्या, वाळवून दोरीत ओवायच्या आणि होळीला घालायच्या. भोक कशासाठी? तर दोरीसाठी. त्याला दुसरा अर्थ कोणी विचारला नाही. आणि हे गृहस्थ आमच्याच घरातल्या गोलातून काम काढून घेऊन, रिकामा गोल आम्हालाच परत देत होते, वर दक्षिणेला ‘शास्त्रनिधी’ म्हणत होते.

जमिनीवरचा लाल गोल कशाचा आहे हे मी विचारलं.

“हळद होती,” दादा हळू आवाजात म्हणाला. “म्या पिवळा काढला होता. सरांनी हात फिरवला अन् लाल झाला. डोळ्यानं पायलं म्या.”

“चुना टाकला असन.”

“त्यायच्या हातात काईच नव्हतं.”

“मंग तुह्या हळदीत असन.”

हळदीत चुना पडला की ती लाल होते. कुंकू तसंच करतात, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. दारातून वहिनी बोलली, “चुना त्यायनंच मांगतला होता. म्याच देल्ला डबीतून.” तिच्याकडं कोणी पाहिलं नाही. सर म्हणाले, “पदार्थ निमित्त असतो. रंग आकारानं बदलतो.”

मी सरळ गोलात शिरून पाय उघडला. अंगठा काळा होता. शेजारचं बोट जांभळं. जखमेत हळद दाबून भरली होती, ती पुवात भिजून लगदा झाली होती, आणि त्या लगद्यात काहीतरी हललं. मी झाकलं. घोट्याभोवती आणखी एक लाल कडं ओढलेलं होतं, रोग वर चढू नये म्हणून. सूज त्याच्या बरीच वर गेली होती.

“उठ आई. वाशीमले जायचं.”

“गोल मोडला तं रोग आंगावर येते,” दादा म्हणाला. “तू वाशीमले राह्यते, तुले यातलं काय समजते?”

“वासाचं समजते.”

“तेच तं. भरून राह्यला म्हनून वास येऊन राह्यला.”

मी आईला विचारलं, तुला काय वाटतं. तिला ताप होता, डोळे लाल होते, पण जीभ शाबूत होती. “मले काय इचारता? तव्यावरच्या भाकरीले कोनी इचारते का, पलटवू का म्हनून?” मग मला जवळ बोलावून, दादाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, “त्याचं मन राह्यते, पोरी. रोज दोन घंटे माह्याजवळ बसून राह्यते तो. आंदी कवा बसत होता?”

मी लिहून घेतलेल्या विषयात हे नव्हतं.

चाचा पत्र्याच्या पेट्या बनवतात आणि आठवडी बाजारांत स्वतःच्या माल वाहायच्या ऑटोतून नेऊन विकतात. मी त्यांना येतानाच सांगून ठेवलं होतं. ते ओसरीतून म्हणाले, “बाई, गाडी उभी हाय. मांगं गादी टाकली.”

सरांनी डोळे उघडले. “गाडीचा हौदा चौकोनी असतो. त्यात रुग्ण ठेवणं म्हणजे रोगाला आमंत्रण.”

“चार चाकं नसली तरी तीन हायेत, साहेब,” चाचा म्हणाले. “तीनही गोल. रोज ग्रीस करतो.” मग माझ्याकडं वळून, “दोन सालापासून या गल्लीत एक पेटी नाई खपली. मले म्हनतात, गोल पेटी बनवा. अरे भाई, पेटीले कोपरे नसले तं तिले पेटी कोन म्हनन? पिपा म्हनतीन!”

आई हसली. मग त्या हसण्यानंच कण्हली. दादा मात्र खाट आणि दार यांच्यामध्ये उभा राहिला, हात पसरून. माझा सख्खा भाऊ, मला शाळेत सायकलवर सोडणारा. आईला उचलायला दोन माणसं लागणार होती आणि त्यातला एक तो होता. चाचा म्हातारे, शिवाय परक्या घरात, आईच्या अंगाला हात लावून, लेकाला बाजूला सारून ते आत येणार नव्हते, आणि मीही त्यांना तसं सांगणार नव्हते. सर पुन्हा डोळे मिटून बसले. त्यांना ठाऊक होतं की त्यांना काहीच करावं लागणार नाही.

असा सगळा खोळंबा असताना आतून वहिनीचा आवाज आला. ओरडणं नव्हे. एकच शब्द, “बापा!”

ती माळ्यावरून चौरंग काढायला गेली होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घट मांडतात, आणि तो शेवटचा गुरुवार, उद्यापनाचा. गल्लीतल्या सुवासिनी संध्याकाळी हळदीकुंकवाला येणार होत्या. आधीचे गुरुवार तिनं सरांच्या सांगण्यावरून गोल पाटावर काढले होते. उद्यापनाला मात्र चौरंगच हवा, असं तिनं मनात धरलं होतं. तो तिच्या माहेरचा, रुखवतातला, सागवानी. ती तो दोन्ही हातांत धरून दारात आली. चौरंगाचे चारही कोपरे करवतीनं उडवलेले होते. कोपऱ्यांबरोबर पायही गेले होते. हातात राहिली होती एक आठ बाजूंची फळी.

“हे कोनी केलं?”

दादा म्हणाला, “तुले सांगनारच होतो.”

“माह्या बापानं देल्ला होता हा.”

“त्याले कोपरे होते...”

“चौरंगाले कोपरे राह्यतातच! तुमाले काय ताट वाटलं का ते?”

वहिनीला इतक्या वर्षांत मी एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं ती फळी सरांच्या पायाशी ठेवली, आपटली नाही, ठेवली. मग मागच्या दारानं बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली. ती शेणाचं घमेलं आणि पाण्याची बादली घेऊन आली.

मधल्या खोलीत अजून मातीची जमीन आहे. फरशीनं गुडघे धरतात म्हणून आईनं तेवढी खोली तशीच राखली. ती दर आठवड्याला सारवावी लागते, आणि गोल काढल्यापासून वहिनीला ते बंद होतं. वहिनीनं पदर खोचला. खराट्यानं पट्ट्या, पाला, केळं, वाट्या सगळं एका सुपात लोटलं. मग खाली बसून, दाराकडून सुरुवात करून सारवायला लागली.

“काय करून राह्यली?” दादा म्हणाला.

“सारवून राह्यली. आज लक्षुमी येनार हाय घरी. अशा जमिनीवर मांडू का तिले? लोकाच्या बायका येतीन, त्यायले हे दाखवू?”

“गोल पुसला जाईन!”

“मंग पाय उचला.”

आणि दादानं पाय उचलला. मी ते स्वतः पाहिलं. रोगाची, शास्त्राची भीती होती, पण घरात बाई सारवत आली की पाय उचलायचा, हे त्याच्या अंगात त्या सगळ्याच्या आधीपासून होतं. तो मागं सरकला, अजून एक पाऊल, अजून एक, आणि दारातून ओसरीत गेला. सारवलेल्या ओल्या जमिनीवर पुरुषमाणूस उभा राहत नाही. सरांनाही स्टूल घेऊन उठावं लागलं. वहिनीचा हात डावीकडून उजवीकडं अर्धगोल फिरत होता, त्या अर्धगोलावर दुसरा, आणि लाल रेघ त्याखाली जात होती. शेणाचा वास आला तेव्हा कितीतरी वेळानं मी पूर्ण श्वास घेतला.

सर ओसरीत म्हणाले, “आता पुढं जे होईल त्याला मी जबाबदार नाही.” हे वाक्य त्यांच्याजवळ तयारच असणार. ते गेले तेव्हा तक्ता काखेत होता. त्या तक्त्याला चार कोपरे होते, चांगले धारदार. दोन वर्षांत ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही.

खाट उचलताना एका बाजूला मी आणि वहिनी होतो. दुसऱ्या बाजूला चाचा वाकले, तेवढ्यात दादानं त्यांना बाजूला केलं आणि खाटेचे तिकडचे दोन्ही पाय स्वतः धरले. ओल्या सारवणावर त्याच्या पावलांचे ठसे उमटले.

वाशीमला दवाखान्यात लगेच आत घेतलं. मी खिडकीवर मोफत उपचाराच्या योजनेची कागदपत्रं द्यायला पिशवी उघडली. वहिनीनं घाईत जे हाती लागलं ते त्यात भरलं होतं. आधार कार्ड, रेशन कार्ड, योजनेचं कार्ड. सगळ्यांचे कोपरे कापलेले. आधारवर नंबरचे शेवटचे आकडे नव्हते. योजनेच्या कार्डावरचा फोटो अर्धा गेला होता, आईचा एक कान आणि अर्धी टिकली उरली होती. खिडकीतला मुलगा कार्ड उलटसुलट करत म्हणाला, “काकू, हे उंदरानं खाल्लं का?”

“हो,” मी म्हटलं. एवढ्या लोकांसमोर दुसरं काही सांगायची मला लाज वाटली.

त्यानं नवीन प्रती कुठं निघतील ते सांगितलं. मी धावपळ करून काढून आणल्या. तोवर आतलं काम थांबलं नव्हतं. डॉक्टरीण बाहेर आली आणि तिनं विचारलं, “जखमेत हळद कोणी भरली?”

मी जमिनीकडं पाहिलं. वहिनीनंही. बाकावर बसलेला दादा उठून उभा राहिला, शाळेत राहतात तसा, आणि म्हणाला, “मी.”

त्याला कोणी रागावलं नाही. डॉक्टरणीनं फक्त मान हलवली आणि सांगितलं की अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागेल, पाऊल वाचेल असं वाटतं. पाऊल वाचलं. आई आता चालते, थोडी बाहेरच्या बाजूला झुकत. वडील गेल्यावरही तिनं टिकली आणि जोडवी सोडली नव्हती; बोटांबद्दल ती एवढंच म्हणते, “जोडवी घालायले एक पाय तं हाय.”

घरी आल्यावर मी नवीन यादी केली. सगळी कार्डं नव्यानं काढणे: झालं. पासबुक बदलून घेणे: झालं. शेताचे उतारे: झाले. आईसाठी मऊ चप्पल: झाली. चौरंग: वहिनीच्या भावानं नवीन करून दिला. सरांविरुद्ध पोलिसात अर्ज, हे मी लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं. तसा कायदा आहे, मला माहीत आहे. पण अर्जात पहिला प्रश्न येणार की गोल कोणी काढला, हळद कोणी भरली, आणि त्याचं उत्तर दवाखान्यात सगळ्यांसमोर देऊन झालेलं आहे. सर सध्या मानोऱ्याकडं बैठका घेतात असं चाचा सांगतात. तिकडच्या बाजारात पेट्या खपेनाशा झाल्या, त्यावरून त्यांनी ओळखलं. अर्ज पिशवीत आहे, सही माझी झालेली आहे, दुसऱ्या सहीची जागा दादासाठी सोडली आहे.

दादाला मी त्याबद्दल अजून विचारलेलं नाही. त्यानं आपण होऊन एक काम काढलं. मधल्या खोलीतलं सिमेंट फोडायचं, आईची खाट भिंतीला लावायची, म्हणजे काठी मागं पडणार नाही. मिस्त्रीला बोलावू दिलं नाही. छन्नी-हातोडा घेऊन स्वतः बसला. दारामागचा कोपरा मोकळा केला, मग खिडकीचा, मग खाटेजवळचा. सरळ, काटकोनात, मूळच्या विटा दिसेपर्यंत. खाट भिंतीला लागली.

देवघराकडचा राहिला आहे. तिथं ती पितळी चकती आहे. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा छन्नी त्या कोपऱ्याखाली ठेवलेली होती, हातोडा तिच्याशेजारी, दोन्हींवर धूळ. वहिनी आठवड्याच्या सारवणाला ती उचलते आणि सारवून झालं की परत तिथंच ठेवते. दादा चहाचा कप हातात घेऊन उभा होता. चकतीला हात लावला नाही त्यानं. पण तिच्याकडं पाहिलं, आणि मगच पहिला घोट घेतला.

यादीत तो कोपरा बाकी म्हणून लिहिलेला आहे.